मिश्र वास्तवाचा नवा हेडसेट : अपेक्षा आणि मर्यादा

फलटणजवळ सुरवडीच्या परिसरात कमिन्सच्या कारखान्यात इंजिने तयार होतात. परंतु चालू इंजिनाच्या अंतरंगात विद्यार्थ्याला डोकावता येत नाही. मिश्र वास्तवाचा हेडसेट ही उणीव काही अंशी भरून काढतो. तो डोळ्यांवर चढविला की समोरचे बाक दिसतच राहते आणि त्यावर इंजिनाची त्रिमितीय प्रतिमा उभी राहते. आभासी वास्तवात मात्र अवघा वर्गच दृष्टीआड होतो. हा भेद आपण प्रथम ध्यानात घ्यावा.

सुधारित संचात नेमके काय सुधारते? मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ मध्ये भोवतालचे दृश्य कृष्णधवल व धूसर दिसे. २०२३ मध्ये आलेल्या क्वेस्ट ३ मध्ये ते रंगीत झाले. प्रत्येक डोळ्यासमोरील चित्रबिंदू १८३२ × १९२० वरून २०६४ × २२०८ वर गेले. वजन मात्र ५०३ ग्रॅमवरून ५१५ ग्रॅम झाले आणि बॅटरी सुमारे दोनच तास पुरते.

म्हणून एका संचावर सारा वर्ग एकदम शिकेल, अशी अपेक्षा आपण ठेवू नये. दहा मिनिटांची पाळी धरली, तर एकदा चार्ज केल्यावर जेमतेम बारा मुलांची पाळी येते. दहा वर्षांखालील मुलांसाठी तो नाही, असे कंपनीच सांगते. शाळेला असा संच देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि धड्यांची निवड यांचाही विचार करावा. पाहिलेले इंजिन मुलीने वा मुलाने वहीत रेखाटून त्याचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगितले, तरच तो खर्च सार्थकी लागला असे आम्ही समजू.