आकडा आणि संख्या : संगणकाच्या नोंदीतील एक भेद

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कराची नोंद संगणकावर होत आहे, असे समजावे. घरपट्टी १२० रुपये व पाणीपट्टी ८० रुपये. बेरीज २०० यावयास हवी. परंतु पडद्यावर १२०८० ही रक्कम उमटते. अशा वेळी दोष यंत्रावर ढकलला जातो. वस्तुतः यंत्राने बेरीज केलेलीच नसते. दोन शब्द एकमेकांस जोडावेत, तशी अक्षरे जोडलेली असतात.

अक्षरांचे संकेत

कळफलकावरून दाबलेला आकडा संगणकाकडे प्रथम अक्षर म्हणूनच जातो. प्रत्येक अक्षरास संकेतांक असतो. आस्की संकेतावलीत शून्याच्या चिन्हाचा संकेतांक ४८, तर नऊच्या चिन्हाचा ५७ आहे. म्हणून २४५ ही नोंद यंत्रास ५०, ५२, ५३ अशी मिळते. तिचे पूर्णांकात रूपांतर करण्याची आज्ञा कार्यक्रमात स्पष्टपणे द्यावी लागते.

रूपांतराची रीत

ही रीत शाळेतील स्थानिक किमतीच्या पाठाहून वेगळी नाही. प्रत्येक संकेतांकातून ४८ वजा केले की २, ४, ५ हे अंक मिळतात. नंतर हाती असलेल्या संख्येस दहाने गुणून पुढील अंक मिळवावयाचा. प्रथम २, मग २ गुणिले १० अधिक ४, म्हणजे २४, शेवटी २४ गुणिले १० अधिक ५, म्हणजे २४५. शिक्षकांना हे उदाहरण फळ्यावर सहज मांडता येईल.

दक्षता कोठे हवी?

इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम देऊन लिहिलेली १,२५,००० ही रक्कम जावास्क्रिप्ट भाषेतील ‘पार्सइंट’ या आज्ञेस दिली, तर ती पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि केवळ १ हे उत्तर देते. पायथॉन भाषेतील ‘इंट’ ही आज्ञा तीच नोंद नाकारते. निमूटपणे दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा असा नकार हितावह होय.

देवनागरी अंकांचे संकेतांक निराळे आहेत. युनिकोडमध्ये ते २४०६ ते २४१५ असे येतात. पायथॉनची ‘इंट’ ते स्वीकारते, ‘पार्सइंट’ स्वीकारीत नाही. मराठीतून नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयांनी याची खातरजमा आधीच करून घ्यावी.

रिकामी चौकट हाही असाच प्रश्न आहे. जावास्क्रिप्टमधील ‘नंबर’ ही आज्ञा रिकाम्या नोंदीचे शून्य करते. परंतु ‘थकबाकी नाही’ आणि ‘थकबाकी नोंदविलेली नाही’ या दोन गोष्टी भिन्न आहेत.

याउलट, प्रत्येक आकडा संख्या नसतो. बँकेचा खातेक्रमांक ००४५ ने सुरू होत असल्यास पूर्णांकात रूपांतर करताच आरंभीची शून्ये लोपतात. पिनकोड, दूरध्वनी क्रमांक व खातेक्रमांक यांची बेरीज कोणी करीत नाही. ते अक्षररूपातच ठेवणे योग्य.

ज्याची बेरीज करावयाची ती संख्या आणि ज्यावरून ओळख पटवावयाची ती अक्षरे, एवढा विवेक नोंदीच्या वेळीच बाळगला, तर नागरिकाच्या हाती पडणारी पावती बिनचूक राहील.