वर्षाकालीन पादरक्षण : नखे, उघडी पादत्राणे आणि स्पर्शपरीक्षेचे महत्त्व

प्रास्ताविक

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुके. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांची खोरी, जोरदार पाऊस आणि भातशेती ही या भागाची ओळख. आषाढ-श्रावणात चिखलणी आणि लावणी सुरू झाली की येथील शेतकरी स्त्री-पुरुषांचे पाय दिवसाचे कित्येक तास खाचरातील चिखलात असतात. शेतात अनवाणी, बांधावर आणि रस्त्यावर प्लास्टिकची चप्पल अथवा पुढून उघडी सँडल, हा नित्यक्रम. बंद बूट या दिवसांत वाळत नाही, म्हणून तो कोणी वापरत नाही, आणि ते एका अर्थाने योग्यच आहे. मात्र उघड्या पादत्राणात बोटांना वारा मिळतो तसा दगड, काटा, बांधाची कड यांचा आघातही मिळतो. या दोन्ही बाजू लक्षात घेऊन पादरक्षणाचा विचार वैद्यांनी आणि औषध विक्रेत्यांनी कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे.

एक रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत पन्नाशीचा एक शेतकरी माझ्याकडे आला. उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख आत रुतलेले, कडेला सूज आणि थोडा पूय. आपल्याकडे ज्याला नखुरडे म्हणतात तेच. निदान चिप्प असे केले आणि ग्रंथोक्त पद्धतीने उष्णांबुसेक सुचवला. घरी हंड्यातील पाणी बादलीत ओतून त्यांनी पाय बुडवला. पाणी किती कढत आहे हे त्यांना कळलेच नाही. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पावलावर मोठे फोड होते. मग रक्तशर्करा तपासली. मधुमेह जुना होता, निदान मात्र त्या दिवशी झाले. पुढे जखम चिघळली आणि पुण्यातील रुग्णालयात अंगठा काढावा लागला.

सेकाचा उपक्रम चुकीचा नव्हता. पायाला स्पर्शज्ञान आहे की नाही हे मी पाहिले नाही, ही चूक होती आणि ती माझी होती. त्यानंतर पायाची तक्रार घेऊन येणाऱ्या एकाही रुग्णाला मी स्पर्शपरीक्षेवाचून उपचार सांगितलेला नाही.

शास्त्रीय आधार

पादरक्षण हा दिनचर्येचा भाग आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंग आणि पादत्रधारण यांचे गुण सांगितले आहेत. पादाभ्यंगाने पायांचा खरखरीतपणा, जडत्व, श्रम व बधिरता दूर होते, पाय फुटत नाहीत आणि दृष्टीलाही हित होते. आठव्या अध्यायात केस व नखे पंधरवड्यातून तीन वेळा कापावीत असा नियम आहे. अस्थिगणनेत चरकांनी ३६० अस्थींमध्ये २० नखे धरली आहेत, तर सुश्रुतमते नख हा अस्थिधातूचा मल होय. म्हणजे नखाची विकृती ही केवळ सौंदर्याची बाब मानून सोडून देण्यासारखी नाही.

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या १३व्या अध्यायात क्षुद्ररोगांचे वर्णन आहे. आपल्या परिसरात त्यांपैकी पाच नेहमी दिसतात.

१) अलस : दूषित चिखलाच्या संपर्काने बोटांच्या बेचक्यात क्लेद, कंडू, दाह व वेदना. आपल्या लोकांच्या तोंडी याचे नाव 'चिखल्या'. निदानाचे मूळ आणि लोकनाव दोन्हीत चिखलच आहे.

२) चिप्प : वात-पित्ताने नखमांसात दाह व पाक, नखुरडे.

३) कुनख : आघाताने नख रूक्ष, काळसर व खरखरीत होणे.

४) पाददारी : फार चालणाऱ्याच्या रूक्ष पायांना पडणाऱ्या भेगा.

५) कदर : खडा वा काटा यांच्या आघाताने होणारी कठीण गाठ, कुरूप.

सद्यःस्थितीतील निदान

कुनखाचा रुग्ण बहुधा ठेच लागल्याचे सांगतो. तथापि नख जाड, पिवळट व भुसभुशीत झाले असेल तर बुरशीचा संसर्ग संभवतो. नखाचा खरवडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ठेच लागल्याचे आठवत नसताना नखात उभा काळा पट्टा दिसू लागला, तो रुंदावत गेला किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर उतरला, तर त्वचेच्या कर्करोगाची शंका घेऊन रुग्णास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. नखांना रंग लावलेला असल्यास तो काढूनच परीक्षण करावे.

पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख पूर्ण नवे येण्यास १२ ते १८ महिने लागतात. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी, अन्यथा महिनाभरात गुण नाही म्हणून रुग्ण औषध सोडतो.

स्पर्शपरीक्षा अशी करावी. रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाचा बोळा व १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट तळपायास व अंगठ्यास लावावा. स्पर्श झाला की सांगावे, अशी सूचना द्यावी. पावलाच्या पृष्ठभागावरील व घोट्यामागील नाडी पाहावी. दोन्ही पायांच्या तापमानाची तुलना करावी. यास तीन मिनिटे पुरतात. स्पर्श मंद असल्यास रक्तशर्करा तपासावी आणि कुष्ठाच्या दृष्टीने त्वचेवरील बधिर चट्टेही शोधावेत.

चिकित्सा

अलस : चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात कांजीने पाय धुऊन निंब, तीळ, कासीस, हरताळ व सैंधव यांचा लेप सांगितला आहे, लाक्षारस व हरीतकी हा दुसरा पर्याय आहे. हरताळ हे सोमलयुक्त द्रव्य असून औषध नियमावलीच्या ई-१ अनुसूचीत विषद्रव्यांत समाविष्ट आहे. फुटलेल्या, ओल्या त्वचेवर त्याचा वापर टाळावा. माझा अनुभव हरीतकीचा आहे. हिरडस मावळात हिरड्याला तोटा नाही. हिरड्याच्या काढ्याने कोमट असताना पाय धुवावेत, बेचके कोरड्या सुती कापडाने टिपावे व रात्री निंबतेल लावावे. बेचक्यात तेल साचू देऊ नये.

चिप्प : सेक, छेदन, स्रावण, तैल व राळचूर्णाने बंधन हा क्रम आहे. स्पर्शज्ञान व नाडी उत्तम असेल तरच सेक द्यावा, आणि पाण्याची उष्णता कोपराने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहावी. मधुमेही रुग्णात सेक व छेदन दोन्ही टाळून शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. धनुर्वाताची लस घेतली आहे काय, हे विचारावे.

पाददारी : अभ्यंगानंतर मेण, राळ व तूप यांचा मलम भरावा. भेगा ब्लेडने तासू नयेत.

लावणीच्या काळात पायावर जखमा असलेल्या रुग्णास ताप, स्नायूंत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली आल्यास लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा. तेथे केवळ ज्वरघ्न कल्पांवर विसंबून कालहरण करू नये.

रुग्णास द्यावयाची पथ्ये

नखे स्नानानंतर, मऊ असताना कापावीत. सरळ कापावीत, कोपरे खोल गोलाकार कापल्यास नख मांसात रुतते. बोटाच्या टोकाबरोबर, किंचित राखून थांबावे. उघड्या पादत्राणात लांब नख प्रथम ठेच खाते आणि फार आखूड नख मांसास आघात पोहोचवते. पूर्वी नराणीने नखे काढली जात. आता घरोघरी नेलकटर आहे, पण तो सर्वांत एकच असतो. संसर्ग असलेल्या व्यक्तीचा वेगळा ठेवावा. दृष्टी मंद असलेल्या वा मधुमेही वृद्धांची नखे घरातील दुसऱ्याने कापावीत.

चप्पल घेताना बोटे तळव्याच्या बाहेर येत नाहीत ना, हे पाहावे. पुढे अर्धा इंच तळवा राहावा. टाचेला पट्टा असावा, म्हणजे उतारावर पाऊल पुढे घसरत नाही. राजगड-तोरण्यावर पावसाळ्यात येणाऱ्या पर्यटकांनाही हाच सल्ला द्यावा. ज्यांचे स्पर्शज्ञान कमी आहे त्यांना मात्र पुढून बंद, रुंद पादत्राण सांगावे. त्यांनी शेतात अनवाणी उतरू नये व रोज रात्री दिव्याच्या उजेडात पाय तपासावेत.

औषध विक्रेत्यांस विनंती

चिखल्यांचा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याच दुकानात येतो. स्टिरॉइडमिश्रित मलमाने कंडू दोन दिवसांत थांबते, म्हणून तो तेच मागतो. बुरशी मात्र पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची अनेक स्टिरॉइडे 'एच' अनुसूचीत घातली; ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मलम मागणाऱ्यास दोनच प्रश्न विचारावेत : "साखर तपासली आहे का?" आणि "पायाला मुंग्या येतात का?" कुरुपाची पट्टी मागणाऱ्यासही हेच विचारावे, कारण तिच्यातील आम्लद्रव्य बधिर पायात व्रण करते. उत्तर संशयास्पद वाटल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे.

उपसंहार

पाय दाखवण्यास रुग्ण संकोचतो. चप्पल दाराबाहेर काढून चिखलाचे पाय तो खुर्चीखाली ओढून घेतो. ज्येष्ठ ते आश्विन या काळात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचे पाय, तक्रार कोणतीही असो, एकदा पाहावेत, अशी माझी सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे. चिकित्सालयाच्या दाराशी पाण्याची बादली व स्वच्छ फडके ठेवावे. तेवढ्याने संकोच जातो आणि परीक्षणाला आरंभ होतो. त्या शेतकऱ्याच्या बाबतीत मी ही तीन मिनिटे दिली असती, तर त्याचा अंगठा आज बहुधा शाबूत असता.