प्रयोगशाळेत वाढविलेली त्वचा
भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टर 9 मधील रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये कोक ओव्हन विभागातील गॅसवाहिनीच्या स्फोटात होरपळलेले कामगार तेथेच आणले गेले. अशा रुग्णाच्या अंगावर कलमापुरती निरोगी त्वचा उरली नसेल, तर मृत दात्याच्या त्वचेने जखम झाकतात. पण शरीर ती कालांतराने नाकारते. रुग्णाच्याच पेशींपासून त्वचेचे पातळ पदर वाढविण्याचा मार्ग राइनवाल्ड व ग्रीन यांनी 1975 मध्ये दाखविला. त्याला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि होरपळलेल्या माणसाला हा काळ फार मोठा असतो.

खरी अडचण मात्र निराळीच आहे. 1994 चा प्रत्यारोपण कायदा व त्यातील 2011 ची दुरुस्ती यांमुळे अवयवांप्रमाणेच ऊतींचाही व्यापार निषिद्ध आहे. मृताची त्वचा म्हणूनच विकता येत नाही. उलट 2019 च्या नियमांनुसार पेशींपासून बनविलेले उत्पादन नव्या औषधांत मोडते, आणि औषधाला किंमत असते. मग कामगाराने स्वतःचीच कातडी विकत घ्यावयाची काय? वाढविणाऱ्याच्या श्रमांचे मोल द्यावे, हे मान्य. परंतु उरलेल्या पेशींवर हक्क कोणाचा, हे संमतिपत्रातच स्पष्ट हवे. आणि रुग्ण बेशुद्ध असता त्यावर सही करते ती बहुधा बाहेर बाकावर बसलेली त्याची पत्नी.