गिरणी कामगारांचा कुत्रा

प्रस्तावना

लांब रेशमी केसांचा, डोक्यावर रिबीन बांधलेला यॉर्कशायर टेरियर आपण चित्रांत पाहिला असेल. आज तो श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा मानला जातो; परंतु त्याचा जन्म कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. प्रस्तुत पाठात या छोट्या कुत्र्याचा आणि त्याला घडवणाऱ्या माणसांचा इतिहास आपण पाहणार आहोत.

मूळ पाठ

'टेरियर' या शब्दाचे मूळ भूमी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. जमिनीतील बिळांत शिरून उंदीर, कोल्हे यांना हुसकावून लावणारा कुत्रा म्हणजे टेरियर.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्यात लोकरीच्या गिरण्या झपाट्याने वाढल्या. यंत्रमागांपुढे हातमाग टिकेना. स्कॉटलंडमधील अनेक विणकर पोटासाठी दक्षिणेकडे आले आणि गिरण्यांत व खाणींत कामाला लागले. सामानाबरोबर त्यांनी आपले छोटे टेरियरही आणले. त्यांतील एक जात पेझ्ली गावाच्या नावाने ओळखली जाई. काश्मिरी शालींवरील कोयरीची नक्षी आपल्या मागांवर विणून प्रसिद्धी पावलेले पेझ्ली ते हेच. या टेरियरांचा स्थानिक कुत्र्यांशी संकर होऊन एक नवी जात आकाराला आली. घरातील व गिरणीतील उंदरांचा बंदोबस्त करणे, हे तिचे काम होते. पाठीवर पोलादी निळे आणि डोक्यावर तांबूस असे तिचे केस इतके तलम असत, की ते मागावरच विणले असावेत, असे लोक गमतीने म्हणत.

हडर्सफील्ड येथे 1865 मध्ये जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर यांनी त्याला अनेक प्रदर्शनांत उतरवले. 1871 मध्ये गाडीखाली सापडून तो मरण पावला. पण तोवर त्याचे गुण त्याच्या पिलांत उतरले होते. 1870 पर्यंत या कुत्र्यांना 'स्कॉच टेरियर' म्हणत. ज्या भूमीत ही जात सुधारली, तिचेच नाव तिला द्यावे, असे त्या वर्षी एका वार्ताहराने सुचवले आणि 'यॉर्कशायर टेरियर' हे नाव रूढ झाले.

मात्र कोणत्या जातींचा किती अंश तिच्यात आहे, याची खात्रीलायक नोंद नाही. ज्यांनी ही जात घडवली, त्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. कोणत्या जोडीपासून कशी पिले होतील, हे ज्ञान त्यांच्या अनुभवात होते. ते कागदावर आले नाही आणि त्यांच्याबरोबरच गेले. त्याच 1870 साली ब्रॅडफर्डचे संसदसदस्य विल्यम फॉर्स्टर यांनी मांडलेला प्राथमिक शिक्षणाचा कायदा इंग्लंडमध्ये संमत झाला. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला व पुढील वर्षी त्याची पहिली वंशावळ-नोंदवही निघाली. कुत्र्यांची नावे तेथे नोंदली गेली; त्यांना घडवणारे अनेक कामगार अनामिकच राहिले.

पुढे धनिकांच्या आवडीनुसार हा कुत्रा अधिकाधिक लहान करण्यात आला. तरी त्याची कष्टाळू वृत्ती लोपली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांबरोबर 'स्मोकी' नावाची या जातीची मादी होती. 1945 मध्ये फिलिपीन्समधील लुझोन बेटावर, विमानांच्या धावपट्टीखालील सुमारे 70 फूट लांब व केवळ 8 इंच रुंद नळीतून तिने दूरध्वनीची तार पलीकडे नेली. त्यामुळे धावपट्टी खोदण्याचे जोखमीचे काम टळले. गिरणीतल्या बिळांत शिरणाऱ्या पूर्वजांचा वारसाच जणू तिने चालवला.

शब्दार्थ

परगणा – प्रांताचा विभाग
संकर – दोन जातींचे मिश्रण
तलम – मऊ व बारीक
अनामिक – ज्याचे नाव ज्ञात नाही असा

स्वाध्याय

1. स्कॉटलंडमधील विणकरांनी आपले गाव का सोडले?
2. यॉर्कशायर टेरियरच्या पूर्वजांची निश्चित माहिती का मिळत नाही?
3. आपल्या परिसरातील एखाद्या कारागिराकडे असलेले, परंतु कोठेही न लिहिलेले ज्ञान त्याच्याकडून जाणून घ्या व दहा ओळींत लिहा.