थंड ओढ्याचा रहिवासी : हेलबेंडर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हेलबेंडर नावाचा एक सॅलॅमँडर आढळतो. दिसतो पालीसारखा, पण आहे बेडकाचा भाऊबंद, म्हणजे उभयचर. त्याची लांबी ७४ सेंटिमीटरपर्यंत जाते. नकाशात त्याची वस्ती मुख्यतः दोन ठिकाणी दिसते. पूर्वेला न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिणेपासून जॉर्जियाच्या उत्तरेपर्यंत अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या नद्या, आणि पश्चिमेला मिसूरी व आर्कान्सॉमधला ओझार्कचा डोंगराळ भाग. मिसिसिपीच्या सखल खोऱ्यात पाण्याला काय तोटा? मग तिथे तो का नाही?

याचे उत्तर त्याच्या कातडीत आहे. प्रौढ हेलबेंडरला फुप्फुसे असतात, पण प्राणवायू तो बहुतेक सगळा कातडीतूनच घेतो. जीवशास्त्राच्या शिक्षकांची परवानगी घेऊन येथे थोडे गणित करू. प्राण्याची लांबी, रुंदी आणि जाडी दुप्पट केली तर कातडीचे क्षेत्रफळ चौपट होते, घनफळ मात्र आठपट. खाणारी तोंडे आठपट आणि वाढणारे हात चौपट! म्हणून याचे अंग चपटे असते आणि कुशींवर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कातडीच्या सैल घड्या असतात.

तेवढ्याने भागत नाही. भांड्यात पाणी तापत ठेवा. उकळी येण्याच्या कितीतरी आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला फक्त ७.५. शिवाय अशा शीतरक्ताच्या प्राण्याची गरज उष्णतेबरोबर वाढत जाते. आवक घटते आणि खर्च वाढतो! कातडीला लागून असलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की ते पाणी बदलायला हवे. ते काम प्रवाह करतो. प्राणवायू कमी पडला तर हेलबेंडर स्वतःच अंग डोलवून पाणी हलवतो.

दिवसा तो मोठ्या सपाट दगडाखाली दडून असतो आणि रात्री क्रेफिश खातो. शरद ऋतूच्या सुमारास मादी दगडाखाली अंडी घालते. त्यांची राखण नर करतो. काठची झाडे तुटली, शेतांतली माती वाहून आली, की दगडांखालच्या फटी गाळाने बुजतात. धरणामागे पाणी साचून संथ आणि उबदार होते. मग नदी नकाशात असूनही त्याच्या उपयोगाची उरत नाही. ओझार्कमधली उपजात अमेरिकेने २०११ साली संकटग्रस्त म्हणून जाहीर केली. त्याच वर्षी सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तिची पहिल्यांदा पैदास झाली. तिथे वाढवलेली पिल्ले पुढे मिसूरीतल्या नद्यांत सोडण्यात आली.