ऐकावे जनाचे, करावे मनाचे : मुलांना हे शिकवायचं कसं?



दहावी-बारावीचे निकाल लागले की गटाच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर एकच विषय निघतो. पोरीला पुढं शिकवायचं की स्थळ बघायचं? पोराला आयटीआयला घालायचं की शेतात? बोलणं सगळ्यांचं होतं. फक्त ज्याच्याबद्दल चाललंय, त्या लेकराला कुणी विचारलेलं नसतं. आणि विचारलंच, तर उत्तर येतं, "तुम्ही म्हणाल तसं."

या अंकाच्या पाठात आपण हेच उत्तर समजून घेऊ. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणजे होकार नव्हे. मनात काय आहे ते सांगायची सवय नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन म्हणी, दोन्ही खऱ्या

आपल्याकडे म्हणतात, "ऐकावे जनाचे, करावे मनाचे." आणि असंही म्हणतात, "मन चिंती ते वैरी न चिंती." एक म्हण मनावर विसंबायला सांगते, दुसरी सांगते की मन नको ते चिंतत बसतं. मग मुलांना काय सांगायचं?

मनात दोन आवाज असतात. एक ओढीचा, एक भीतीचा. "मला नर्सिंग करायचंय" ही ओढ. "मला जमणार नाही, लोक हसतील" ही भीती. आपण बऱ्याचदा भीतीलाच मनाचा कौल समजतो आणि म्हणतो, "तिचंच मन नाही." हे दोन आवाज वेगळे ओळखायला शिकवणं हे आईबापाचं काम आहे. निर्णय आपण घेऊन टाकला की ती शिकायची राहून जाते.

रखमाबाईंचं उदाहरण

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न वयाच्या ११ व्या वर्षी झालं होतं. त्या माहेरीच राहिल्या आणि वाचन करत शिकल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे होते. १८८४ मध्ये नवऱ्याने त्यांना नांदायला आणण्यासाठी कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. तोपर्यंत सखाराम अर्जुन हयात नव्हते, तरी मुलगी डगमगली नाही. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतच्या दवाखान्यात कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले.

मनाचं ऐकणं म्हणजे सोपा रस्ता धरणं नव्हे, हे यातून दिसतं. आणि मन घट्ट व्हायला आधी घरात एक तरी माणूस ऐकणारं लागतं.

घरी कसं करायचं? चार पायऱ्या

१. विचारा आणि गप्प बसा. पाहुण्यांसमोर विचारू नका. शेतातून येताना, भाकरी करताना, दोघीच असताना विचारा. "तुला शिकायचंय ना गं?" असं विचारलं तर उत्तर आपणच दिलं. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा. ती लगेच बोलणार नाही. थांबा.

२. भीती वेगळी काढा. "कॉलेजला नाही जायचं" म्हणाली तर कारण विचारा. कदाचित शिकायची ओढ आहे, पण संध्याकाळच्या एसटीत पोरं त्रास देतात. मग प्रश्न शिक्षणाचा नाही, एसटीचा आहे. त्यावर उपाय निघतो : चार मुलींनी मिळून जाणं, आगारात तक्रार, ग्रामसंघात विषय घेणं.

३. आठ दिवस जाऊ द्या. रागात, आनंदात किंवा दुसऱ्याच्या घाईत घेतलेला निर्णय मनाचा नसतो. "आजच सांगा, स्थळ हातचं जाईल" म्हणणारा आणि "आजच पैसे भरा, दुप्पट होतील" म्हणणारा, दोघांनाही तुम्ही विचार केलेला नको असतो. आठ दिवसांनीही ओढ तीच राहिली, तर तिला मान द्या.

४. मग हिशेब मांडा. काय करायचं ते मनाने सांगावं, कसं करायचं ते हिशेबाने. गटाच्या कर्जाला मांडतो तसा कागदावर मांडा, मुलीला सोबत बसवून. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जायला एसटीचा पास मोफत आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. आपल्या मुलीला आणि तिच्या कोर्सला ती लागू होते का, हे प्रवेशाआधी कॉलेजात विचारा.

आणि मन भलतंच म्हणालं तर?

हा प्रश्न प्रत्येक आईच्या पोटात असतो. सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, "मला त्याच्याशीच लग्न करायचंय," तर? मारझोड केली किंवा शाळा बंद केली तर ती पुढचं काही सांगणार नाही, लपवेल. आधी ऐका. मग सांगा, "तुझं वाटणं खोटं नाही, पण खरं असेल तर दोन वर्षं टिकेल." कायद्याने लग्नाचं वय मुलीला १८ आणि मुलाला २१ आहे. त्याआधी मुलगी स्वतः हो म्हणाली तरी लग्न लावणं गुन्हा आहे. २००६ च्या कायद्यानुसार लग्न लावणाऱ्यांना आणि आईवडिलांनाही शिक्षा होऊ शकते, दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गावात असं लग्न ठरत असेल तर ग्रामसेवकांना सांगा किंवा १०९८ वर फोन करा.

सुरुवात आपल्यापासून

मुलं आपलं बोलणं कमी ऐकतात, वागणं जास्त बघतात. शेजारीण म्हणते, "तुझ्या नावावर कर्ज उचल, हप्ते मी भरते." मन नको म्हणत असतं, पण संबंध बिघडतील म्हणून आपण सही करतो. घरी लेक हे बघत असते. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल, "ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही," त्या दिवशी तिलाही कळेल की नाही म्हणता येतं आणि आभाळ कोसळत नाही.

लहान गोष्टींपासून सुरू करा. ड्रेस कोणता, कोणता विषय घ्यायचा, सुट्टीत काय शिकायचं, हे तिला ठरवू द्या. मुलालाही विचारा, त्यालाही कुणी विचारत नाही. थोडं चुकेल, चुकू द्या. जिला वहीचा रंग निवडता आला नाही, तिला एकदम नवरा निवडता येणार नाही.

पुढच्या बैठकीत करून पाहा

बचत आणि परतफेड झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. जोड्या करा आणि एकमेकींना हे तीन प्रश्न विचारा :

१. मन नको म्हणत असताना मी हो म्हटलं, असं कधी झालं?
२. तेव्हा भीती कशाची होती?
३. या आठवड्यात मी माझ्या मुलाला किंवा मुलीला कोणती एक गोष्ट स्वतः ठरवू देणार आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सचिव ताईंनी प्रत्येकीच्या नावापुढे लिहून ठेवावं. त्याच्या पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर तेही विचारायचं : ताई, ठरवू दिलं का?