तंदुरुस्त शरीर आणि कवटीतील दाब

२०१५ साली दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचे, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत याच जिल्ह्यातील सावरपाड्याची. तेव्हा या शहराला व्यायामाचे वेड असावे, हे स्वाभाविकच आहे. मात्र या व्यायामप्रेमी वर्गात एक समजूत चिवटपणे टिकून आहे, ती अशी की ज्याच्या नाडीचे ठोके संथ आहेत आणि दंडावर मोजलेला रक्तदाब उत्तम आहे, त्याच्या मेंदूवर दाब येऊच शकत नाही, आणि आलाच तर रोज शीर्षासन केल्याने तो उतरतो.

दंडावर मोजला जातो तो धमन्यांतील रक्ताचा दाब. कवटीतील दाब म्हणजे मेंदू, त्यातील रक्त आणि त्याभोवती खेळणारे पाण्यासारखे मेंदू-मेरुद्रव यांनी कवटीच्या बंद पोकळीत निर्माण केलेला दाब; तो निरोगी प्रौढात आडवे असताना साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो आणि उभे राहताच शून्याच्या आसपास, कधी शून्याखालीही येतो. दिवसाचे बरेच तास मिळणारा हा उतार मेंदूला आणि डोळ्याच्या नसेला हवा असतो. तो मिळाला नाही तर काय होते, हे वजनरहित अवस्थेच्या अभ्यासातून कळते.

अशी अवस्था जमिनीवर आणण्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना डोक्याची बाजू सहा अंश खाली झुकवलेल्या खाटेवर आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतात, म्हणजे रक्त आणि इतर द्रव अंतराळातल्याप्रमाणेच डोक्याकडे सरकतात. जर्मनीतील कोलोन येथे २०१७ साली उशीही न देता, कर्बवायूचे प्रमाण थोडे वाढवलेल्या हवेत, तीस दिवस असे झोपवलेल्या अकरा निरोगी माणसांपैकी पाच जणांच्या डोळ्याच्या नसेला सूज आली. दीर्घ मोहिमांवरील अंतराळवीरांतही ही सूज आढळते, आणि ते तर कसून निवडलेले, रोज सुमारे दोन तास व्यायाम करणारे लोक असतात. हा व्यायाम हाडे, स्नायू आणि हृदय राखतो, परंतु उभे राहिल्याने मिळणारा उतार तो देऊ शकत नाही. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानाच्या गोत्यांमधील काही सेकंदांच्या वजनरहित अवस्थेत कवटीतील दाब थेट मोजला गेला, तेव्हा तो जमिनीवर आडवे असतानाच्या दाबापेक्षा कमी, पण बसलेल्या स्थितीपेक्षा जास्त भरला. म्हणजे दोष दाब भडकण्याचा नसून तो कधीच न उतरण्याचा असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

शीर्षासनाने मेंदूला जादा रक्त मिळून बुद्धी तल्लख होते, असे सांगणाऱ्या चित्रफितींना तर धरबंध उरलेला नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्या स्वतःच आकुंचन-प्रसरण करून रक्तपुरवठा जवळजवळ स्थिर ठेवतात, त्यामुळे उलटे झाल्याने फायदा होत नाही. उलट चेन्नईतील नेत्रतज्ज्ञांच्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यातील दाब दुपटीपर्यंत गेल्याचे आढळले. निरोगी आणि अनुभवी साधकाने काही क्षण शीर्षासन केल्यास घाबरण्याचे कारण नाही, मात्र काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असणाऱ्याने ते करू नये. (राकेश शर्मा यांनी १९८४ साली सॅल्यूट-७ स्थानकात योगासने केली होती, असा दाखला या संदर्भात हटकून दिला जातो, परंतु जेथे वर आणि खाली हा भेदच नाही, तेथे शीर्षासनाने साधणार तरी काय?)

दवाखान्यात वारंवार दिसणारे चित्र असे की पहाटे धावणारा, निर्व्यसनी माणूस महिनाभर डोकेदुखी अंगावर काढतो, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून रोज खातो, चष्म्याचा नंबरही बदलून घेतो, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागल्यावर मगच पडदा तपासायला तयार होतो. वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक घेतल्या, तर त्या स्वतःच डोकेदुखी निर्माण करतात.

डोकेदुखी पहाटे जास्त असणे, आडवे होताना, खोकताना किंवा वाकताना ती वाढणे, सोबत उलट्या होणे, वाकून उठताना क्षणभर दिसेनासे होणे, एकाचे दोन दिसणे आणि कानात नाडीच्या तालावर धपधप ऐकू येणे, ही कवटीतील दाब वाढल्याची लक्षणे असू शकतात; वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांनी, तसेच मुरुमांसाठी टेट्रासायक्लिन किंवा अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी प्रचंड डोकेदुखी, फिट, बेशुद्धी किंवा डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या असतील, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

एरवी बहुतेक डोकेदुखी अर्धशिशी किंवा ताणाची असते, हेही तितकेच खरे. शंका आल्यास डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासतात. त्यात सूज दिसली तर मेंदूचे स्कॅन आणि त्यात हरकत नसल्यास पाठीतून सुई घालून पाणी काढून दाब मोजणे, या तपासण्या क्रमाने होतात, आणि पाठीच्या सुईने माणूस लुळा पडतो ही भीती निराधार आहे. गाठ किंवा गुठळी न सापडता केवळ दाबच वाढलेला असेल, तर वजन घटवणे आणि द्रवाची निर्मिती कमी करणारे ॲसिटाझोलामाइड यांनी बहुतेकांची दृष्टी वाचते, मात्र सूज उतरेपर्यंत दर काही आठवड्यांनी पडदा आणि दृष्टिक्षेत्र तपासून घ्यावे लागते.